डाव्या कानातले सुळके

सकाळी कान तपासायच्या मशीनची नळी, म्हणजे प्रोब, माझ्या डाव्या कानात घातला आणि स्क्रीनवर काहीच उगवलं नाही. रोज तिथे दोन सुळके उगवतात, एक उंच आणि त्याच्या शेजारी जरा बुटका. ते इतके नेहमीचे झालेत की मी त्यांच्याकडे धड बघतही नाही. आरशात बघताना नाक जागेवर आहे ना, हे कोण बघतं? आज त्या जागी जमिनीलगतची एक खरखरीत रेघ होती, बस्स. प्रोब काढला, त्याची रबरी टोपी बदलली, पुन्हा घातला, श्वास धरला, आवंढा गिळायचं टाळलं. रेघ हलली नाही. मग मशीनला टिकटिक करायला लावली. आपण टिकटिक पाठवायची आणि कानाने आतून बारीकसं उत्तर द्यायचं, असा हा खेळ असतो आणि तो मी दिवसभर तान्ह्या बाळांच्या कानांशी खेळते. टिकटिक मला ऐकू आली. उत्तर आलं नाही. मी खुर्चीत मागे टेकले आणि टेबलावरच्या पेल्यातलं पाणी उगाच पिऊन टाकलं.

यंत्र रोज सकाळी तपासायचं असा नियम आहे. त्यासाठी कंपनीने पितळेचं बोटभर नळकांडं दिलंय. त्यात प्रोब खुपसला की मशीन स्वतःच स्वतःला तपासतं आणि ठीक असेल तर हिरवा दिवा दाखवतं. मी ते नळकांडं वापरत नाही. मी माझा डावा कान वापरते. शिकायला येणाऱ्या मुलींना मी ऐटीत सांगत आले आहे की नळकांड्याला काय, कुणीही फसवेल, जिवंत कानाला फसवून दाखवा. त्या हसतात, मीही हसते. माझा कान काही न विचारता आपणहून बोलतो. सगळ्यांचे तसे बोलत नाहीत, आणि न बोलणारा कान वाईट असतो असंही नाही. पण माझा बोलतो, कायम त्याच दोन स्वरांत, आणि दुकानदार जसा वजनमापावर शिक्का बघून निवांत होतो तशी मी त्या दोन सुळक्यांवर निवांत असते. निवांत असायचे, असं म्हणायला हवं.

पहिला विचार आला तो असा की मशीन गेलं. त्याच्या पाठोपाठ कालची ती मुलगी आठवली. जेमतेम तीन महिन्यांची, डोक्यावर कापसाएवढे केस, झोपेत ओठ मुडपणारी. तिची तपासणी काल तिसऱ्यांदा झाली. पहिल्या वेळी जन्मानंतरचा चिकटा कानात असणार म्हणून मी बोलणं टाळलं, दुसऱ्या वेळी सर्दीवर ढकललं, आणि काल टाळायला काहीच उरलं नाही. दोन्ही कान गप्प. तिचा बाप शाळेची बस चालवतो, तो भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत राहिला. आई मात्र माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं की कानांनी उत्तर दिलेलं नाही, मोठ्या दवाखान्यात डोक्याला तारा लावून करतात ती तपासणी करून घ्या, पण मनाची तयारी ठेवा. मनाची तयारी ठेवा, हे मी बोलले. आणि आता समोर ही मुकी रेघ. मशीन आज बिघडलेलं असेल तर काल दुपारीही बिघडलेलं असेल! काल त्या बाळाआधी किंवा नंतर दुसरं बाळ आलंच नव्हतं, सगळी म्हातारी माणसं, त्यांची तपासणी आतल्या बंद खोलीत, वेगळ्या यंत्रावर. मला एकदम आनंद झाला. मी तशीच उठले, फोन उचलला आणि बाळाच्या बापाला म्हटलं, आजच या, पुन्हा करू, मशीनमध्ये काहीतरी शंका वाटतेय. पलीकडे त्याने फोनवर हात न ठेवता बायकोला हाक मारली, ती हाक मी ऐकली.

फोन ठेवला आणि भानावर आले. काल सकाळी माझे सुळके होते का? आठवेना. प्रोब घातला होता, बाहेर दवाखान्यात कामाला असलेली मावशी कुणाशी तरी बोलत होती, मी स्क्रीनकडे तोंड करून बसले होते, पण बघितलं होतं का? परवा? न बघण्याची सवय कधी लागली तेही आठवेना. म्हणजे यंत्र कधी बिघडलं हे मला ठाऊक नाही, किंबहुना ते बिघडलं आहे हेही मला ठाऊक नाही. गोष्टी दोनच असू शकतात. मशीन गेलं असेल, तर त्या मुलीला कदाचित ऐकू येतंय. मशीन ठीक असेल, तर तिला ऐकू येत नाही आणि माझा डावा कान चालला आहे. आणि उजवा मला नाहीच. सात वर्षांची असताना गालगुंड झाले, ताप उतरला तेव्हा उजवीकडचं जग बंद झालेलं होतं. ते पहिल्यांदा ताईला कळलं. आम्ही एकाच पांघरुणात दुपारच्या झोपायचो, ती उजवीकडून कुजबुजायची आणि मी हसायची थांबले होते. तिने आईला काही सांगितलं नाही. मला डाव्या कुशीवरून उलटं केलं आणि माझ्या डाव्या कानाला आपला कान चिकटवून ती कितीतरी वेळ पडून राहिली. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, “अगं, तुझ्या कानात कुणीतरी शिट्टी वाजवतंय. बारीक.” मी म्हटलं, मला नाही ऐकू येत. “तुला कशी येईल, तूच वाजवतेयस ना.” आईने ऐकून दोघींना वेड्यात काढलं. पुढे कॉलेजात सरांनी एका लहानशा माइकवर जिवंत कानातून निघणारा स्वर ऐकवला तेव्हा मी वर्गात रडले, आणि का रडले हे कुणाला सांगितलं नाही. ताई अजून दर शनिवारी फोन करते. विचारते, वाजतंय का गं? मी म्हणते, वाजतंय. तिचाच आवाज ऐकू येईना झाला तर कसली मी आणि कसली माझी ताई, असं इतकं उघड मला आज पहिल्यांदाच वाटलं, आणि मी घाबरले.

कान नुसता ऐकतो असं लोकांना वाटतं. आत, शेंगदाण्याएवढ्या जागेत, केसपेशी असतात, डोक्यावर ताठ केसांचा तुरा असलेल्या, रांगेने उभ्या. आवाज आला की हे तुरे हलतात, हे शाळेतही शिकवतात. पण ते आवाज नसतानाही हलतात. आपल्या आपण डुलतात, आणि एकेकटी पेशी बघितली तर मोठी बेशिस्त असते: घटकेत भरभर, घटकेत रेंगाळून, मध्येच चुकते, ठेका सोडते. एकटीला धरून काही स्वर निघायचा नाही. पण या सगळ्यांच्या डोक्यावर लिबलिबीत पापुद्रा असतो. एक तुरा डुलला की पापुद्रा जरा ओढला जातो, तो शेजारणीला ओढतो, ती पुढचीला. आणि कुणी कुणाला न सांगता त्या जवळजवळच्या पेशी एका ठेक्यात येतात. जमलं की चुका एकमेकींत जिरतात आणि स्वच्छ, बारीक स्वर बाहेर पडतो, तो माझा सुळका. फार लांबच्या, फार वेगळ्या चालीच्या पेशी त्यात येत नाहीत, त्यांचा आपला वेगळा घोळका, तो माझा दुसरा सुळका. मुलींना हे शिकवताना मी झोपाळे सांगते. आमच्या लहानपणच्या बागेत एकाच लोखंडी दांडीवर दोन झोपाळे होते, आणि दांडी खांबांत ढिली झाली होती. मी आणि ताई वेगवेगळ्या वेळी झोके घ्यायला लागायचो, मुद्दाम. दांडी कुरकुरायची, जराशी मागे-पुढे व्हायची, आणि थोड्या वेळाने बघावं तर दोघी बरोबरीने वर. मी चिडायचे, पाय ओढून ठेका मोडायचे, थोड्या वेळात पुन्हा तेच. ताई म्हणायची, तू माझी नक्कल करतेस. खरं तर नक्कल दोघीही करत नव्हतो, दांडी करत होती. पुढे माळ्याने ती दांडी सिमेंट घालून पक्की केली, आणि मग आम्ही कितीही वेळ झोके घेतले तरी ती आपली, मी आपली.

तर हेही असू शकतं, मी स्वतःला समजावलं, की पेशी जिवंत आहेत आणि नुसता ठेका मोडलाय. घोळका फुटला की स्वर जातो, पेशी जायलाच हव्यात असं नाही. सर्दी असेल, मळ असेल. पण सर्दी नव्हती, आणि मळ मी गेल्या आठवड्यात शेजारच्या डॉक्टरांकडून काढून घेतला होता, का तर टीव्हीवरची माणसं तोंडात गोळी धरून बोलायला लागली होती. हे आठवलं आणि मग एकेक आठवायला लागलं. नको म्हटलं तरी आठवायला लागलं. नवरा पुटपुटतो, अशी माझी तक्रार असते. वयाबरोबर याचा आवाज बसला, असं मी त्याच्याच बहिणीला सांगून मोकळी झाले. हा माणूस लग्न झाल्यापासून माझ्या डाव्या हाताला चालतो, सिनेमात डावीकडे बसतो, गर्दीत माझ्या मागून वळसा घालून डावीकडे येतो, आणि याबद्दल आम्ही कधी बोललेलो नाही. अलीकडे त्याने आणखी एक खोड लावून घेतलीय. काही बोलायचं असलं की आधी माझ्या कोपराला दोन बोटं लावतो, दाराची घंटा वाजवावी तशी, आणि मग बोलतो. मी दोनदा त्याच्यावर खेकसले की मी काय लिफ्ट आहे का. तो हसला आणि तिसऱ्यांदाही तसंच केलं. खोलीत आता फ्रिजची घरघर होती, बाहेर जिन्यात कुणीतरी किल्ल्या वाजवत होतं, आणि प्रत्येक आवाज मी चाचपून बघत होते की हा पहिल्याइतका आहे का. पहिल्याइतका म्हणजे किती? आवाजाची आठवण नसते, हे मी रोग्यांना सांगते. पंख्याचा आवाज गेल्या वर्षी केवढा होता ते सांगा बघू. त्यांना सांगता येत नाही. मलाही आलं नाही.

शेवटी खणातून नळकांडं काढलं. खरं तर आधीच काढायला हवं होतं, दोन मिनिटांचं काम. प्रोब खुपसला आणि बटण दाबून मी डोळे मिटले, हे सांगायला लाज वाटते. उघडले तेव्हा हिरवा दिवा लागला होता. तुम्ही म्हणाल, मिटलं. पण मी अशी सहजी हरणारी नव्हे. मी वकिलासारखी उभी राहिले: नळकांडं फक्त एवढंच सांगतं की टिकटिक जाते आणि परत येते, कानाचं उत्तर त्याच्यापेक्षा कितीतरी बारीक, प्रोबमधला माइक किंचित बहिरा झाला असला तरी नळकांड्याला पत्ता लागणार नाही. हे अगदीच खोटं नाही. खोटं इतकंच की मला ते खरं असायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचा तरी चांगला कान मागून बघायचा, हा साधा उपाय होता. मावशीचा उपयोग नव्हता, ती सत्तरीकडे झुकलेली, तिच्या वयाचा कान असाही काही बोलत नाही. पण शेजारी दातांच्या दवाखान्यात तीन तरुण मुली बसतात. मी उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. एका मुलीच्या कानाने मला निकाल द्यावा, हे माझ्याच्याने होईना. मी वळले तर मावशी अगदी समोर, हातभर अंतरावर उभी, तोंड माझ्या तोंडाकडे. ते लोक आलेत, असं तिने सांगितलं. जरा थांबून म्हणाली की दारातून दोनदा हाक मारली होती.

बाळाच्या आईने केस धुतले होते आणि बाळाला नवं झबलं घातलं होतं, एखाद्या समारंभाला नेतात तसं. बापाने येताना बस कुणाच्या तरी ताब्यात देऊन रजा टाकली होती. तो खूप बोलत होता. मशीन म्हटलं की बिघडणारच, आमच्या बसचा काटा टाकी भरलेली असताना रिकामी दाखवतो, वगैरे. रात्री झोप लागली नाही, पण सकाळी तुमचा फोन आला आणि जिवात जीव आला, असं तो म्हणाला आणि त्याने माझे आभार मानले. मी त्याला थांबवायला हवं होतं. मी रबरी टोप्या आकाराप्रमाणे लावत बसले. मग आईने मांडीवरची पोर सावरून मला विचारलं, “आधी माझ्या कानाला लावून बघता? तिला आत कसं वाटतं ते मला कळू दे. तिन्ही वेळा मी नुसती धरून बसले.”

नाही म्हणायला कारण नव्हतं. बाळाला बापाकडे दिलं, ती खुर्चीत ताठ बसली, मी मोठ्यांची टोपी लावून प्रोब तिच्या कानात बसवला. कानाची पाळी गरम होती. हलू नका, गिळू नका, बोलू नका, असं सांगितलं. माझा स्वतःचा आवाज मला कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटला. पहिल्यांदा टिकटिक न करता नुसतं ऐकायचं बटण दाबलं. स्क्रीनवर रेघ खरखरली. तिथे मी आयुष्यात कधी मागितलं नव्हतं ते मागत होते: हिचा कान गप्प असू दे. चांगल्या कानाने गप्प राहावं, यंत्र बहिरं निघावं, या पोरीचं आणि माझं दोघींचं भलं व्हावं. रेघ जरा वेळ तशीच राहिली. मग एक टेंगूळ आलं, ते वर चढलं, टोकदार झालं, त्याच्या पलीकडे दुसरं, मग तिसरं. तीन सुळके, तरुण, स्वच्छ, उंच. टिकटिक पाठवली तर कान इतकं भरभरून बोलायला लागला की मशीनने अर्ध्यातच बास म्हटलं. यंत्र उत्तम होतं. आईने वळून स्क्रीन बघितली आणि तिचा चेहरा उजळला, कारण तिला त्याचा अर्थ कळला नव्हता. “एवढं सगळं माझ्या कानातून येतंय?” तिने विचारलं. मी हो म्हटलं. मग तिने तितक्याच सहज विचारलं, “तुमच्याही येतं का हो?”

“येत होतं,” मी म्हणाले.

ते बोलल्यावर मला वाटलं होतं की काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. बाळ जांभई देत होतं आणि त्याला तपासायचं होतं. मी बाळांची टोपी लावली, उजवा कान केला, डावा केला, टोपी बदलून पुन्हा दोन्ही केले. आई माझ्या हातांकडे बघत होती, बाप स्क्रीनकडे. सुळके शोधायला आता त्यालाही जमायला लागलं होतं, म्हणून मी काही सांगायच्या आधीच त्याला कळलं. मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले. मशीन ठीक आहे, काल होतं आणि आजही आहे, असं सांगितलं. शंका मला दुसऱ्याच कारणाने आली होती आणि ती तपासायच्या आधीच मी तुम्हाला बोलावलं, ही माझी चूक, तुमची एक सकाळ मी उगाच आशेत घालवली, असंही सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने बाळाचं झबलं नीट केलं आणि विचारलं की आता घरी गेल्यावर करायचं काय, म्हणजे आज, हिच्याशी बोलायचं की नाही.

बोलायचं तर, मी म्हटलं, भरपूर बोलायचं, गायचं, सगळं करायचं. तारांची तपासणी होईल, मग यंत्र लावायचं की आणखी काही ते ठरेल, या वयात कळलं हे चांगलं झालं. हे सगळं मी इतक्या आईबापांना सांगितलंय की जीभ आपोआप वळते. “फक्त बोलायच्या आधी तिला हात लावत जा. मागून, लांबून बोलू नका. समोर यायचं, खांद्याला नाहीतर कोपराला बोटं लावायची, ती बघेपर्यंत थांबायचं...”

पाठ असलेलं वाक्य, आणि मी कोपरावर अडकून बसले. दोन बोटं. मी काय लिफ्ट आहे का, असं नवऱ्याला म्हणाले होते मी. तो हसला होता आणि त्याने हात काढला नव्हता. म्हणजे त्याला कळलं होतं. किती महिन्यांपूर्वी, कोण जाणे, त्याला माझ्या आधी कळलं होतं, आणि त्याने मला काही न सांगता आपली चाल बदलली होती. आणि मावशी हल्ली समोर येऊन उभी राहत होती ते काही उगाच नव्हतं. मला त्याचा भयंकर राग आला. बोलला का नाहीस, असं तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. मग राग गेला आणि उरलं नुसतं रडू, ते मी आवरलं, कारण समोर बसलेल्या बाईचा रडायचा हक्क माझ्याआधीचा होता.

ती रडत नव्हती. तिने बाळाच्या इवल्या कोपराला बोट लावलं आणि थांबली. बाळ बापाच्या शर्टाच्या गुंडीकडे बघत होतं. ती थांबून राहिली. बाळाने मान वळवली, तिच्याकडे बघितलं, आणि तेव्हा ती वाकून अगदी हळू म्हणाली, “कोण गं तू?” बाळाचं तोंड पसरलं. बापाने आपलं जाड बोट दुसऱ्या कोपराला लावलं आणि तोही थांबला.

माझ्या कोपराला काहीतरी लागलं. मावशी कधी आत आली मला कळलं नव्हतं. ती खुर्चीला वळसा घालून समोर आली, मी बघेपर्यंत थांबली, आणि मग तिने विचारलं की पुढच्याला पाठवू का. मला ऐकू आलं. तरी मी तिच्या ओठांकडे बघत राहिले.